सारा दारात काय म्हणाली

दह्याचे रिकामे डबे आणि किस्से या दोन गोष्टी आमच्या घरात कधी साठायला लागल्या ते मला सांगता येणार नाही. डबे मी फेकत नाही, कारण कधीतरी कुणाला भाजी बांधून द्यायला लागतात. किस्से फेकत नाही, कारण अमेरिकेतल्या या श्रूजबरीतला हिवाळा संपता संपत नाही आणि चार माणसं जेवायला जमली की घरांच्या किमती सोडून दुसरं काहीतरी बोलावं असं मला मनापासून वाटतं. बाकीच्यांच्या किश्श्यांत बॉस असतो, व्हिसा असतो, सासू असते. माझ्या किश्श्यांत अब्राहाम असतो.

नाशिकहून आलेली, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी बाई दर रविवारी यहुद्यांच्या वर्गात काय करते, असं इथल्या महाराष्ट्र मंडळातले लोक विचारतात. खरं उत्तर एवढंच आहे की मी पोहे घ्यायला गेले होते.

*

इंडियन ग्रोसरीत एक ठेंगणीशी म्हातारी बाई पोह्यांच्या पाकिटांवरून दुकानदाराशी हुज्जत घालत होती. ती मराठीत, तो गुजरातीत, आणि तो हरत होता. इतकं खणखणीत कोकणी वळणाचं मराठी मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मी मध्ये पडले, ओळख करून घेतली. नाव मिल्का, गाव अलिबागजवळचं, वय एक्याऐंशी. मिल्का हे नाव जरा वेगळं वाटलं, पण हल्ली मराठी मुलींची जी नावं कानावर येतात त्या मानाने ते काहीच नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणून टाकलं आणि उत्साहाच्या भरात शनिवारच्या हळदीकुंकवाला बोलावलं.

त्या म्हणाल्या, शनिवारी आमचा शब्बाथ. त्या दिवशी मी विस्तव पेटवत नाही की गाडीत बसत नाही.

मग दोन ट्रॉल्या अडवून त्यांनी मला सगळं समजावलं. त्या बेने इस्राएल, म्हणजे शेकडो वर्षं कोकणात राहिलेले मराठी यहुदी. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली असं नाव ठेवलं. पोहे हवे होते ते मलिद्यासाठी. पोह्यांत ओला नारळ, साखर, वेलची घालून एलियाहू नबीच्या नावाने करतात. मी शरमेने लाल झाले होते, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

"रविवारी मी मोकळी असते," त्या म्हणाल्या. "नऊ वाजता न्यायला ये. मुलाची हॉस्पिटलात ड्युटी असते आणि मला वर्गाला जायचं असतं."

हळदीकुंकवाचं आमंत्रण द्यायला गेले आणि ड्रायव्हर होऊन घरी आले. माझे पोहे दुकानातच राहिले.

*

पहिले तीन रविवार मी सिनेगॉगच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघराच्या, पार्किंग लॉटमध्ये गाडीतच बसून काढले. चौथ्या रविवारी थंडी इतकी होती की रॅबाय नेओमी स्वतः बाहेर आल्या आणि काच वाजवली. रॅबाय म्हणजे यहुदी धर्मगुरू. या सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त, पायात पुरुषी स्नो बूट. म्हणाल्या, गाडीत गोठलेल्या बाईचं काय करायचं यावर आमच्या ग्रंथांत मतभेद निघतील, तेव्हा त्याआधीच आत या, कॉफी गरम आहे.

आत एक लांब टेबल आणि आठदहा माणसं. नवखी बाई आली म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधोमध तोरा, म्हणजे मूळ पवित्र ग्रंथ. एका बाजूला मिश्ना, त्यात कायदे विषयवार लावलेले, शेतीचे एकीकडे, सणांचे एकीकडे. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या जो वाद घातला तो तालमूद. आणि मिद्राश मात्र तोराला चिकटून बसतो. एकेका ओळीवर बोट ठेवून विचारतो, इथे काही सांगायचं राहिलंय का? कारण तोरा फार मोजकं बोलते. बाप मुलाला घेऊन तीन दिवस चालत गेला असं सांगते, पण त्या तीन दिवसांत दोघं काय बोलले, याबद्दल जवळजवळ काहीच नाही. त्या रिकाम्या जागा जुन्या रॅबायांनी प्रश्न विचारून भरल्या, आणि एकाने एक उत्तर दिलं की दुसरा लगेच 'आणखी एक अर्थ असा' म्हणून पुढे सरसावला. कुणाचंच उत्तर खोडलं नाही. सगळी लिहून ठेवली.

मी टेस्टर. कागदावर जिथे काही लिहिलेलं नसतं तिथेच पुढे घोळ निघतो, हे मी वीस वर्षं लोकांना सांगत आले आहे. ही जुनी दाढीवाली मंडळी माझ्याच धंद्यातली निघाली.

टेबलाच्या टोकाला मरे बसला होता. मरे रिटायर्ड डेंटिस्ट. तो म्हणाला, "तालमूद म्हणजे वकिलांचं ऑफिस, आणि मिद्राश म्हणजे त्याच वकिलांचं जेवणाचं टेबल."

रॅबाय म्हणाल्या की ते वकील टेबलावरही कायदा बोलत आणि ऑफिसातही गोष्टी सांगत, म्हणून ही व्याख्या चूक आहे. मरेचा चेहरा खुलला. त्याला चूक म्हटलेलं फार आवडतं.

*

परत येताना मी मावशींना म्हटलं, हे तर आपलं कीर्तन झालं. एवढीशी ओळ घ्यायची आणि तिच्यावर तासभर लोकांना धरून ठेवायचं.

 मावशी म्हणाल्या, त्यांचे वडील कीर्तनकार होते. हातात चिपळ्या, डोक्याला रुमाल, साथीला पेटी, आणि आख्यानं अब्राहामाची, योसेफाची, मोशेची, सगळी मराठीत, साक्या-दिंड्यांच्या चालीवर. गावातले कोळी-आगरीसुद्धा ऐकायला यायचे. सगळ्यांत गाजलेलं आख्यान इसहाकाचं. देव अब्राहामाला म्हणतो, तुझा मुलगा मला अर्पण कर. अब्राहाम पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो आणि इसहाकाला घेऊन निघतो. तोरामध्ये त्या पहाटे आईचं, साराचं, नावसुद्धा नाही. पण बाबांच्या आख्यानात सारा दारात येते. मुलगा कुठे चाललाय हे तिला माहीत नाही. ती मुलाला थांबवते आणि एकच ओळ म्हणते, आणि त्या ओळीला बायका पदर डोळ्यांना लावायच्या.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तेच तर आठवत नाही," मावशी म्हणाल्या. "आधीचं सगळं येतं, नंतरचं सगळं येतं. चालसुद्धा येते. ती ओळ गेली."

या वर्गाला त्या ज्ञान मिळवायला येत नव्हत्या. एवढ्या ग्रंथांत कुठेतरी ती ओळ असेल, बाबांनी ती तिथूनच उचलली असेल, या आशेवर येत होत्या.

*

वर्गात दोघादोघांच्या जोड्या लावून वाचतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने हरकत घ्यायची, अशी पद्धत. माझी जोडी मरेशी लागली. मी आपली पाहुणी, त्यातून तो वयाने मोठा. तो जे म्हणेल त्याला मी मान डोलावत होते. दोन आठवड्यांनी त्याने माझ्यासमोरच रॅबायकडे तक्रार केली.

"हिला बदला. ही माझ्याशी सहमत होते."

मला राग आला. मी म्हटलं, सहमत कसली, तुमचं निम्मं बोलणं मला पटत नाही, लिहूनच आणते पुढच्या वेळी. आणि खरंच सतरा मुद्दे लिहून आणले. मरेने ते चष्मा लावून वाचले, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला की ठीक आहे, हिला राहू द्या.

नंतर कळलं की माझ्या खुर्चीवर आधी त्याची बायको बसायची. एकोणतीस वर्षं तिने त्याचं एकही वाक्य तसंच जाऊ दिलं नव्हतं. ती गेल्यापासून घरात त्याला कोणी चूक म्हणत नव्हतं.

*

आमची ईरा तेव्हा सतरा वर्षांची, गाडी शिकत होती. परमिटवर चालवताना शेजारी मोठं माणूस लागतं, म्हणून रविवारची ट्रिप तिच्याकडे दिली. मी शेजारी, मावशी मागे. मी दर मिनिटाला न दिसणारा ब्रेक दाबायचे. मावशी शांत. कधी फार झालं तर म्हणायच्या, "ईरे, गाढवावर बसलीयस असं समज. त्याला घाई नसते."

ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. हे असंच राहणार हे मी केव्हाच मान्य केलं होतं. एकदा मावशींनी तिला इसहाकाची गोष्ट पूर्ण सांगितली. डोंगरावर बापाने सुरी उचलली, तेवढ्यात देवदूताने हात धरला, मुलाऐवजी एडका दिला. पण मग तोरा म्हणते की अब्राहाम खाली नोकरांकडे परतला. इसहाकाचं नाव नाही. दोघं वर गेले, एक खाली आला. आणि पुढच्याच प्रकरणात सारा वारली. यावर रॅबायांनी किती डोकेफोड केली आहे! कोणी म्हणतं इसहाकाला शिकायला दूर पाठवलं, कोणी म्हणतं सुरी थोडी लागलीच होती, म्हणून तो स्वर्गातल्या बागेत जखम भरेपर्यंत राहिला. साराला कुणीतरी जाऊन डोंगरावरचं सांगितलं आणि तिचा प्राण गेला, असंही एक मत आहे.

सिग्नल हिरवा झाला तरी ईराने गाडी हलवली नाही. "So he never called his mom?" तिने विचारलं.

मागून हॉर्न वाजायला लागले. मावशी म्हणाल्या की हा प्रश्न वर्गात विचार, तिथे अजून कोणी विचारला नाही.  त्याच आठवड्यात ईराचं दूरच्या ॲन आर्बर युनिव्हर्सिटीचं ॲडमिशन लेटर आलं होतं, आणि मी मंडळात पेढे वाटून घरी येऊन बाथरूममध्ये रडले होते.

*

इस्रायलमध्ये मावशींचे एक चुलतभाऊ आहेत, शालोम भाऊ, नव्वदीचे. लहानपणी ते बाबांच्या मागे बसून झांजा वाजवायचे. मावशींनी माझ्या गाडीतून, स्पीकरवर, त्यांना फोन लावला.

शालोम भाऊंना सगळं आठवत होतं. कीर्तन कुणाच्या अंगणात होतं, पेटीवाल्याचा कुठला सूर लागत नसे, नंतर चहाबरोबर काय होतं, कोण झोपलं होतं. साराच्या ओळीपाशी आले आणि थांबले.

"ती ओळ नाही गं आठवत. तिथे मी रडत असायचो."

मग त्यांनी आणखी दोघांना विचारून फोन केला. तेही रडत असायचे. मावशी फोन ठेवून म्हणाल्या की सगळे मेले रडतच होते, ऐकलं कुणी?

*

वसंतात सिनेगॉगमध्ये जुनी पुस्तकं काढली. फाटलेली, जीर्ण झालेली पवित्र पुस्तकं यहुदी टाकत नाहीत. ज्यावर देवाचं नाव आहे तो कागद माणसासारखा दफनभूमीत पुरतात. आमचं काम खोक्यांत भरायचं होतं. वाटेत एक पुस्तक माझ्या पायाला लागलं, मी वाकून हात लावून कपाळाला लावला. मरेने तेच पुस्तक उचलून ओठांना लावलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि कामाला लागलो.

मावशींमुळे मात्र काम पुढे सरकेना. त्या प्रत्येक पुस्तक उघडून पान न्‌ पान बघत होत्या. मधे कुणाची चिठ्ठी, कुणाचं हस्ताक्षर. दोन तासांत एक खोकं. मरे कुरकुरला की असं केलं तर ही पुस्तकं आपल्यालाच पुरतील. रॅबायने मला विचारायला पाठवलं.

मावशींनी मान वर केली नाही. वडील गेले तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. घर सोडून सगळे मुंबईला निघाले होते. वाळवी लागलेली प्रार्थनेची पुस्तकं गोळा करायचं काम त्यांच्याकडे आलं. बाबांची कीर्तनाची वहीही तिथेच होती, कडा कुरतडलेली, आणि पानापानावर परमेश्वराचं नाव. त्यांनी ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि बाकीच्यांबरोबर दफनभूमीत पुरायला दिली.

"मला वाटलं मी मान देतेय," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं नाही गं, की आधी वाचून घे."

मी रॅबायला जाऊन सांगितलं. त्या आल्या, मावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि दुसऱ्या बाजूने पुस्तकं उघडून बघायला लागल्या. मग मरेही बसला. दफन त्या दिवशी झालंच नाही.

*

त्यानंतरच्या रविवारी रॅबायने सगळ्यांना गृहपाठ दिला. सारा दारात काय म्हणाली असेल, एक ओळ लिहून आणा.

मरेने लिहिलं होतं, "स्वेटर घेतलास का?" सगळे हसले आणि हसता हसता गप्प झाले. मी लिहिलं होतं, "तीन दिवसांचा डबा आहे, वाटेत खा." ईराने फोनवर टाइप करून पाठवलं होतं, "Text me when you get there." मावशींनी एकेक ओळ मन लावून ऐकली. प्रत्येकीला म्हणाल्या की चांगली आहे, पण ही नव्हे.

रॅबाय म्हणाल्या, मग तुम्ही एक लिहा. मावशींनी कागद सरकवून दिला. इतकं चिडलेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाल्या, मी नवीन करायला आलेली नाही, बापाची परत न्यायला आलेय.

 रॅबाय हळूच म्हणाल्या की ज्यांनी हे सगळं लिहिलं त्यांचंही जेरुसलेमचं मंदिर जळालं होतं. तेही तेच परत न्यायला बसले होते.

*

जुलैमध्ये मावशी घरातच पडल्या, खुब्याला मार बसला. तेव्हापासून वर्ग त्यांच्या सीनियर अपार्टमेंटमध्ये भरायला लागला, सोफ्यावर तिघं, बाकीचे डायनिंगच्या खुर्च्यांवर. त्यांची पाठांतरंही आता मधूनमधून तुटत होती. आख्यानाच्या सुरुवातीचा एक चरण गेला, मग आणखी एक. त्या मला म्हणायच्या, आता भोक मोठं व्हायला लागलंय.

ईराला ॲन आर्बरला सोडायला निघालो तो रविवारच होता. गाडी छतापर्यंत भरलेली, उश्या, राइस कुकर, सायकल मागे बांधलेली. नवरा म्हणाला थेट हायवेला लागू, लांबचं ड्राइव्ह आहे. ईरा म्हणाली, no, मावशीकडे आधी. मला वर जायची हिंमत नव्हती, कारण तिथे गेले की मी रडणार हे मला पक्कं माहीत होतं. पण गेले.

रॅबाय आणि मरे आलेले होते. पुस्तकं उघडलेली होती. ईरा मावशींच्या पाया पडली. मावशींनी तिच्या हातात मलिद्याचा डबा ठेवला, दह्याचाच, माझ्याकडून गेलेला. वॉकर धरून दारापर्यंत आल्या, नको नको म्हटलं तरी आल्या. ईराने बहुतेक गाडीत मनाशी घोकून ठेवलं असावं, कारण ती मराठीत म्हणाली,

"मावशी, मी जाते."

"जाते म्हणू नये बाळा," मावशी म्हणाल्या. "येते म्हणावं."

आणि तिथेच थांबल्या. एक हात वॉकरवर, एक दाराच्या चौकटीला. मला वाटलं पाय दुखला, मी धरायला पुढे झाले. त्यांनी मला थांबवलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला, बारीक, पण चालीत.

"जातो म्हणू नको इसहाका, येतो म्हणुनी जा."

पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणताना डाव्या हाताने चौकटीवर ताल धरला.

रॅबाय उठून उभ्या राहिल्या होत्या. काय झालं, त्यांनी मला विचारलं. मी सांगायला लागले. आमच्याकडे घरातून निघताना असं म्हणतात, असं म्हणत नाहीत, असं काहीतरी इंग्लिशमध्ये बोलत होते आणि मला ते धड जमत नव्हतं. पण त्यांना कळलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मरेने पहिल्यांदाच हरकत घेतली नाही. तो खुर्चीतूनच, हळू आवाजात म्हणाला, "आणि मुलगा? मुलगा काय म्हणाला?"

मी मावशींना मराठीत विचारलं.  त्या ईराकडेच बघत होत्या.

खालून हॉर्न वाजला. ईराने डबा छातीशी धरला.

"येते," ती म्हणाली.